दुसरं कार्ड

माझं पोट नेटवर्कच्या कामावर चालतं. पुण्यातल्या एका कंपनीच्या सर्व्हरांची जोडणी, राउटिंग, फायरवॉल हे सगळं माझ्याकडे असतं. या कामाची पदवी मात्र माझ्याकडे नाही. मी बीएस्सी, तेही वनस्पतिशास्त्र घेऊन. ‘मग हे शिकलात कुठे?’ असं कोणी विचारलं की मी साताऱ्यातल्या एका सायबर कॅफेचं नाव सांगते आणि विचारणारा हसतो. त्याला वाटतं, बाई थट्टा करतायत. पोवई नाक्याजवळच्या त्या कॅफेत एक जुनं पेंटियम मशीन होतं, त्यात दोन नेटवर्क कार्डं होती आणि ती बसवणाऱ्या वहिनी होत्या. मला जे काही येतं ते तिथून पुढे वाढलेलं आहे.

वहिनी म्हणजे आमच्या शेजारच्या. त्यांचे यजमान, आम्ही सगळे त्यांना भाऊ म्हणायचो, आधी एसटीडीचं बूथ चालवायचे. पिवळी पाटी, काचेची खोली, लाल आकडे पळवणारं मीटर आणि रात्री दर उतरले की बाहेर लागणारी रांग. नव्वदचं दशक सरत आलं तसे एसटीडीचे दरच उतरायला लागले आणि रांगही ओसरली. २००० साली भाऊंनी काचेची खोली काढून टाकली आणि तिथे सहा संगणक मांडले. भाऊंना गिऱ्हाइकाशी बोलता यायचं, पण मशीनची त्यांना भीती वाटायची. वहिनी फिजिक्सच्या बीएस्सी. लग्नानंतर ते प्रमाणपत्र ट्रंकेत गेलं होतं. त्यांनी वाटणी करून टाकली, ‘गल्ला तुमचा, मशीनं माझी.’

सहा संगणक आणि फोनची लाइन एक. प्रत्येक मशीनला मोडेम आणि फोन घ्यायचा म्हणजे कॅफे पहिल्याच महिन्यात बंद करायची पाळी. त्या वेळी पीसीक्वेस्ट मासिकाबरोबर लिनक्सची सीडी यायची. भाऊंच्या एका मित्राकडून वहिनींनी रेड हॅट ६.२ची सीडी आणली. खरेदी काही नव्हतीच, सातवं मशीनही कुणाच्या तरी ऑफिसातून मोडीच्या भावात आलेलं. त्या मशीनला मोडेम लावला, एक नेटवर्क कार्ड लावलं, कार्डाची वायर हबमध्ये आणि हबमधून बाकीच्या सहा मशीनांना. मोडेम फोनवरून इंटरनेट आणायचा, लिनक्स ते सहा जणांत वाटायचं. या वाटपाला मास्करेडिंग म्हणतात. आतल्या मशीनांना १९२.१६८ने सुरू होणारे पत्ते असतात. असे पत्ते घरगुती वापरासाठी राखून ठेवल्याचं १९९६ सालच्या एका दस्तऐवजाने ठरवून दिलं आहे. जगात एकूण पत्ते सुमारे ४२९ कोटी, म्हणजे माणसांपेक्षा कमी, तेव्हा घरात घरचेच वापरा आणि बाहेर पडताना एकच खरा पत्ता लावा, असा तो हिशेब. आतलं पॅकेट बाहेर जाताना लिनक्स त्यावरचा पत्ता पुसून आपला लिहितं, उत्तर आलं की कुणाचं ते आठवून ज्याचं त्याला देतं. हे आठवणं मला तेव्हाही विलक्षण वाटायचं आणि अजूनही वाटतं.

मी तिथे गेले ते बायोडाटा टाइप करायला. टायपिंगचा वेग बघून वहिनींनी विचारलं, ‘संध्याकाळी येशील का? पगार थोडा आहे.’ घरी प्रश्न पगाराचा नव्हताच. दिवेलागणीनंतर पोरीने नाक्यावरच्या कॅफेत बसायचं, हे वडिलांच्या पचनी पडेना. वहिनी स्वतः आमच्या घरी आल्या, पाटावर बसल्या, चहा घेतला आणि म्हणाल्या, ‘काका, नऊला शटर ओढते आणि हिला मी दारापर्यंत आणून सोडते.’ पावसाळ्यात, उन्हाळ्यात, त्यांच्या स्वतःच्या मुलाला ताप असतानासुद्धा त्यांनी ते केलं. आमचा नेटवर्कचा अभ्यास मुख्यतः त्या रस्त्यावर झाला. एका हातात टॉर्च, दुसऱ्या हाताने हवेत आकृती.

काही आठवड्यांनी त्यांनी मला लिनक्स मशीनचा रूट पासवर्ड दिला. ज्याच्याकडे तो असतो त्याला त्या मशीनमध्ये काहीही करता येतं, सगळं पुसूनही टाकता येतं. भाऊंना तो ठाऊक नव्हता. ‘मी माहेरी गेले तर दुकान अडायला नको,’ एवढंच वहिनी म्हणाल्या. आमच्या भागात दुकानाची किल्लीसुद्धा मुलीच्या हातात देत नसत.

२००२ साली केबल टीव्हीवाल्याने इंटरनेट आणलं. गच्च्यांवरून वायरी टाकल्या, खांबावर डबा लावला, डब्यातून एक वायर थेट दुकानात. मोडेमची किरकिर गेली, फोनची लाइन मोकळी झाली. पण ही वायर नेटवर्क कार्डातच जाते. लिनक्स मशीनमधलं एकुलतं एक कार्ड तर आतल्या हबला जोडलेलं. म्हणजे दुसरं कार्ड हवं.

भाऊ मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून नवं मागवायला निघाले होते. वहिनींनी थांबवलं. एका पतपेढीने आपलं जुनं नेटवर्क मोडीत काढलं होतं. त्यातलं एक कार्ड त्यांच्याकडे पडून होतं, लांबलचक, आयएसए पद्धतीचं, मागे गोल बीएनसीचं तोंडही असलेलं. वेग सेकंदाला १० मेगाबिट. मशीनमध्ये आधीचं कार्ड रियलटेकचं, पीसीआय, १०० मेगाबिटचं. मला वाटलं, बाहेरचं इंटरनेट महत्त्वाचं, तर वेगवान कार्ड तिकडे लावायचं. वहिनी म्हणाल्या, ‘केबलवाला देतो चौसष्ट किलोबिट. त्याला दहा मेगाबिटचं कार्डसुद्धा फार झालं. शंभराचं आत राहू दे, तिकडे सहा मशीनं आहेत.’ पुढे महागडी यंत्रं भलत्या जागी खपवणारे पुष्कळ सल्लागार मला भेटले. त्यांना ऐकताना मला दर वेळी पतपेढीचं ते कार्ड आठवतं.

पीसीआय कार्ड स्वतःहून ओळख देतं. मी अमुक कंपनीचं, माझा अमुक क्रमांक, असं ते मशीनला सांगतं. आयएसए कार्ड मुकं. ते कुठल्या पत्त्यावर बसलंय आणि मशीनला हाक मारायला कुठली आयआरक्यू वापरतंय, हे माणसानेच सांगायचं. वहिनींनी डॉसची फ्लॉपी घालून कार्डाचा पत्ता ३०० आणि आयआरक्यू १० असा पक्का केला. त्याआधी लिनक्समध्ये जाऊन ‘प्रोक’ या फोल्डरातली इंटरप्ट्सची यादी वाचली, दहा नंबर मोकळा आहे ना ते पाहिलं. मग मॉड्यूलांच्या फाइलीत दोन ओळी लिहिल्या. एकीत ईथ-वन म्हणजे हे कार्ड (लिनक्स कार्डांना ईथ-झिरो, ईथ-वन अशी नावं द्यायचं), दुसरीत त्याचा पत्ता आणि आयआरक्यू. मशीन सुरू करताना मी पडद्याकडे बघत होते. त्या मला म्हणाल्या, ‘घाई करू नकोस. पडद्यावर काय येतंय ते वाच आणि मला सांग.’

आणि खरोखर, वाचण्यासारखं होतं. रेड हॅट ६.२ असताना मशीन सुरू झालं की रियलटेक कार्डाच्या ड्रायव्हरची ओळ यायची. तीत आवृत्ती, तारीख, डोनाल्ड बेकर हे नाव आणि नासाच्या संगणकाचा पत्ता. लोडशेडिंगमुळे वहिनींनी नंतर ७.२ घातलं. वीज अचानक गेली की जुन्या पद्धतीच्या डिस्कची तपासणी संपेस्तोवर गिऱ्हाईक निघून जायचं. नव्यात ईएक्सटी-३ होतं, ते लगेच उभं राहायचं. त्या ७.२मध्ये रियलटेकचा ड्रायव्हर बदललेला, ओळीतलं नाव गेलेलं. वहिनींना ते जाणवलं होतं. पतपेढीचं कार्ड बसवलं आणि नाव परत आलं. एनई ड्रायव्हर, आवृत्ती १.१०, २३ सप्टेंबर १९९४, डोनाल्ड बेकर. ‘आले बघ आपले बेकर,’ वहिनी म्हणाल्या. जणू पुण्याहून मामा आले.

हे बेकर कोण ते मला फार नंतर, पुण्यात आल्यावर कळलं. अमेरिकेत मेरीलँड राज्यात नासाचं गोडार्ड केंद्र आहे. तिथे १९९४ साली थॉमस स्टर्लिंग आणि डोनाल्ड बेकर यांनी बाजारात मिळणाऱ्या सोळा साध्या ४८६ मशीनांची मोट बांधून मोठी गणितं सोडवणारा एक संगणक उभा केला. नाव बेओवुल्फ. महासंगणक विकत घ्यायला पैसे नसतील तर तो असा जोडूनही करता येतो, हे त्यातून दिसलं आणि पुढे जगभर तसे संगणक उभे राहिले. आम्हाला त्यातली महत्त्वाची गोष्ट अशी की त्या सोळांपैकी प्रत्येकात नेटवर्क कार्डं दोन होती. एक कार्ड १० मेगाबिटचं, ते प्रोसेसरला पुरेना, म्हणून दोन समांतर जाळी टाकून डेटा दोहोंवर वाटायचा. हे चालायचं तर स्वस्तातली कार्डं लिनक्सवर चोख चालली पाहिजेत. बेकरांनी त्यांचे ड्रायव्हर लिहिले, एकामागून एक, आणि जगासाठी मोकळे सोडले. नासाला काय हवं होतं आणि साताऱ्यात पतपेढीच्या भंगारातल्या कार्डाला काय हवं होतं, या दोन्हीचं उत्तर एकाच माणसाने लिहिलेलं. त्यांना आमचा पत्ता ठाऊक असण्याचं कारण नाही.

तर, कार्ड ओळखलं गेलं. आता पत्ते द्यायचे. केबलवाल्याकडचा मुलगा आला होता, चटपटीत, दिवसात आठ-दहा जोडण्या करणारा. त्याने बाहेरच्या कार्डाला त्याच्याकडचा पत्ता, नेटमास्क आणि गेटवे, म्हणजे बाहेर जाणारं सगळं ज्याच्याकडे सोपवायचं त्याचा पत्ता, घातला. मग आतल्या कार्डाच्या फाइलीतही, रकाना रिकामा दिसला म्हणून, १९२.१६८.१.१ हा आतलाच पत्ता गेटवे म्हणून घालून टाकला आणि पुढच्या गिऱ्हाइकाकडे गेला. इंटरनेट काही चालेना. पिंग केबलवाल्याच्या गेटवेपर्यंत पोचायचं, त्यापुढे नाही.

वहिनींनी ‘रूट’ची, म्हणजे रस्ते दाखवणारी, आज्ञा दिली आणि जो तक्ता आला तो मला मोठ्याने वाचायला लावला. या तक्त्यात पॅकेट कुठे जायचं असेल तर मशीनने ते कुठल्या कार्डातून सोडायचं ते लिहिलेलं असतं. शेवटची ओळ डिफॉल्टची, म्हणजे वरच्यांपैकी कुठल्याच पत्त्यात न बसणारं सगळं इकडे पाठवा. ती ओळ आतल्या कार्डाकडे बोट दाखवत होती. मशीन सगळं जग स्वतःच्या माजघरात शोधत होतं. ‘वाड्याला दारं दोन,’ वहिनी म्हणाल्या, ‘एक रस्त्यावर उघडतं, एक परसात. परसातून काशीला जाता येत नाही. आतल्या कार्डाला गेटवे लिहायचाच नसतो.’ त्यांनी ती ओळ खोडली, नेटवर्क पुन्हा सुरू केलं. मग आयपी फॉरवर्डच्या फाइलीत शून्याचा एक केला, कारण लिनक्स मुळात एका कार्डावरचं पॅकेट दुसऱ्यावर जाऊ देत नाही, ते मागावं लागतं. शेवटी आयपीटेबल्सचा मास्करेडचा नियम, बाहेरच्या कार्डावर. सहाही मशीनं एकदम चालू झाली. भाऊंनी पेढे आणले.

खरा धडा त्यानंतरचा. गर्दी ओसरल्यावर वहिनींनी मला लिनक्स मशीनसमोर बसवलं. तिथे ऑल्ट आणि फंक्शनच्या कळा दाबल्या की वेगवेगळे काळे पडदे येतात. एका पडद्यावर त्यांनी आतल्या कार्डावर टीसीपीडम्प, म्हणजे येणारी-जाणारी पॅकेटं दाखवणारा प्रोग्राम, लावलं, दुसऱ्यावर बाहेरच्या. मग तीन नंबरच्या मशीनवरून एकच पिंग सोडायला सांगितलं. आतल्या पडद्यावर पॅकेट दिसलं, १९२.१६८.१.३कडून. बाहेरच्या पडद्यावर तेच पॅकेट, पण पत्ता केबलवाल्याने दिलेला. मग उत्तर, आधी बाहेर, नंतर आत, पत्ता पुन्हा तीन नंबरचा. चार ओळी. पुस्तकात मी मास्करेडिंगची व्याख्या पाठ केली होती. ती त्या चार ओळींत जिवंत झाली.

‘पॅकेट आलं कुठून ते सगळेच बघतात,’ वहिनी म्हणाल्या. ‘परत कुठल्या दाराने गेलं ते कोणी बघत नाही. तू ते बघ.’

त्यांचं हे वाक्य मी तेव्हा फक्त ऐकलं. ते कळायला वेळ लागला.

मे महिन्यात वळीव आला. साताऱ्याचा वळीव म्हणजे अजिंक्यताऱ्यावर काळं दिसायला लागलं की पंधरा मिनिटांत नाक्यावर पाणी. गच्चीवरून आलेल्या उघड्या वायरीतून विजेचा झटका आत उतरला आणि पतपेढीचं कार्ड जळालं. चिपवर काळा डाग, खमंग वास. मशीन मात्र वाचलं. बेकरांचं नाव पडद्यावरून कायमचं गेलं.

त्या जागी दुसरं रियलटेक आलं, पहिल्याचं हुबेहूब जुळं. एकच चिप, एकच ड्रायव्हर. आता ईथ-झिरो कोणतं आणि ईथ-वन कोणतं? आयएसए कार्डाला निदान आपण सांगू तिथे ते बसायचं. इथे लिनक्स पीसीआयच्या खाचा ज्या क्रमाने तपासेल त्या क्रमाने नावं देणार. वहिनींनी दोन्ही केबली जोडल्या, एक उपटली आणि एमआयआय-टूल चालवून लिंक कुठली गेली ते पाहिलं. बाहेरचं कार्ड कळल्यावर आत जाऊन नेलपॉलिशची बाटली घेऊन आल्या आणि त्या कार्डाच्या पत्र्यावर लाल ठिपका दिला. भाऊ म्हणाले, ‘शाईने लिही की.’ वहिनी म्हणाल्या, ‘शाई धुळीत जाते.’ तो ठिपका कॅफे असेपर्यंत टिकला.

तरी इंटरनेट नाहीच. केबलवाल्याने प्रत्येक गिऱ्हाइकाची जोडणी कार्डाच्या मॅक पत्त्याला बांधलेली होती. हा पत्ता कारखान्यातच कार्डात कोरलेला असतो, बारा अक्षरी, पहिली सहा अक्षरं कंपनीची आणि उरलेली त्या एका कार्डाची. जळालेल्या कार्डाचा पत्ता केबलवाल्याच्या वहीत, नव्याचा नाही. रविवार, त्याचं ऑफिस बंद, दुकानात बारावीनंतरच्या प्रवेशाचे फॉर्म भरायला आलेली पोरं. वहिनींनी हिशेबाची वही काढली. पहिल्या दिवशीच त्यांनी दोन्ही कार्डांचे मॅक पत्ते तिच्या मागच्या पानावर उतरवून ठेवले होते, दुधाच्या आणि पेपरच्या बिलांच्या वर. इफकॉन्फिगच्या एका ओळीने मेलेल्या कार्डाचा पत्ता नव्या कार्डाला दिला आणि इंटरनेट आलं. सोमवारी केबलवाल्याला रीतसर कळवलं. तो म्हणाला, ‘चालतंय ना? मग राहू द्या.’ जळालेल्या कार्डाचा नंबर पुढे कित्येक वर्षं इंटरनेटवर फिरत राहिला.

मी पुण्याला गेले ती वहिनींमुळेच. जाहिरात त्यांनी कापून ठेवलेली, अर्ज त्यांनी लिहायला लावलेला, आणि वडिलांना समजवायला पुन्हा त्याच आल्या. या खेपेला मला आणून सोडण्याचं आश्वासन नव्हतं. ‘काका, हिला येतं सगळं,’ एवढंच म्हणाल्या.

पुण्यातल्या एका नोकरीत आमच्या सर्व्हरला इंटरनेटच्या दोन लाइनी होत्या, वेगवेगळ्या कंपन्यांच्या, दोन कार्डांवर. एक पडली तर दुसरी असावी म्हणून. पहिल्या लाइनीच्या पत्त्यावर सगळं सुरळीत, दुसरीच्या पत्त्यावर कोणी आलं तर काहीच उत्तर नाही. चार हुशार माणसं फायरवॉलचे नियम चाळत बसली होती. सगळ्यांचं लक्ष येणाऱ्या पॅकेटांवर. पॅकेटं येत तर होती, दिसत होती. मी दोन खिडक्या उघडल्या आणि दोन्ही कार्डांवर टीसीपीडम्प लावलं. दुसऱ्या कार्डावर विनंती आत येत होती आणि उत्तर कुठल्याच दाराने बाहेर पडत नव्हतं.

कारण लिनक्समध्ये आरपी-फिल्टर नावाचा एक संशयी रखवालदार असतो आणि रेड हॅटमध्ये तो मुळातच जागा असायचा. पॅकेट आलं की तो उलट विचारतो, याला उत्तर द्यायचं झालं तर मी याच कार्डातून देईन का? आमचा डिफॉल्ट रस्ता पहिल्या लाइनीवरून, म्हणून दुसरीवरून आलेलं सगळं त्याला खोटं वाटायचं. नोंदी चालू केल्या तर लिनक्स अशा पॅकेटांना चक्क मंगळावरून आलेली म्हणतं. तो बंद केला तेव्हा उत्तर निघालं, पण पहिल्या दाराने. दुसऱ्या कंपनीचा पत्ता लावलेलं पॅकेट पहिल्या कंपनीच्या वायरीत. त्यांनी ते टाकून दिलं, बरोबरच केलं. इलाज असा की राउटिंगचे तक्ते दोन करायचे, प्रत्येकात आपापला गेटवे, आणि नियम लिहायचा की ज्या पत्त्याने उत्तर निघतंय त्या पत्त्याच्या तक्त्यात बघा. लिनक्सला ही सोय अलेक्सेई कुझ्नेत्सोव या रशियन प्रोग्रामरच्या आयपीरूट-२ने दिली आणि ती सोप्या भाषेत समजावणारी पुस्तिका बर्ट ह्यूबर्ट आणि त्यांच्या सोबत्यांनी लिहिली. आणखी दोन ऋणं. नेटफिल्टर आणि आयपीटेबल्स उभं करणाऱ्या ऑस्ट्रेलियातल्या रस्टी रसेल यांचं तिसरं. साहेबांनी विचारलं, ‘दोन्ही कार्डांवर एकदम बघायचं हे सुचलं कसं?’ मी म्हटलं, मला तसंच शिकवलंय.

आता हे सगळं कालबाह्य वाटेल. घरोघरी भिंतीवर जो पांढरा राउटर टांगलेला असतो तो वहिनींच्या पेंटियमचंच काम करतो, आणि पुष्कळांच्या पोटात लिनक्सच असतं. २००३ साली लिंक्सिसच्या एका राउटरात ते निघालं आणि परवान्याच्या अटीप्रमाणे कंपनीला कोड उघड करावा लागला, तेव्हापासून हे सर्वांना ठाऊक आहे. ईथ-झिरो, ईथ-वन ही नावंही गेली. २०१३पासून सिस्टमडी कार्डाला ते कुठल्या खाचेत बसलंय त्यावरून नाव देतं, ईएनपी-३एस-० वगैरे. नवी पोरं त्या नावांना शिव्या घालतात. मला ती आवडतात. जागेवरून ओळख ठरली की क्रम बदलला तरी गोंधळ होत नाही. नेलपॉलिशच्या ठिपक्याने हेच केलं होतं, आणि दिसायला तो बरा होता.

कॅफे बंद झाला. इंटरनेट आधी घरात आणि मग खिशात गेलं, तेव्हा एसटीडीच्या बूथसारखाच तोही संपला. त्या गाळ्यात आता मोबाइलची कव्हरं मिळतात. वहिनी नाक्यावरच्या दुकानदारांचे जीएसटीचे फॉर्म भरतात, भाऊ गावाकडची शेती बघतात. डोनाल्ड बेकरांचं नाव पडद्यावर येत नाही, पण रियलटेकच्या त्या ड्रायव्हरची फाइल लिनक्समध्ये अजून आहे. ती पुढे जेफ गार्झिक यांनी सांभाळली. फाइलीच्या सुरुवातीलाच, यातला पुष्कळसा कोड बेकरांच्या ड्रायव्हरमधून घेतला आहे, असं लिहिलेलं आहे. गार्झिकांनी ते ऋण जिथे फेडायचं तिथेच मांडलं. माझ्याकडे तशी फाइल नाही, म्हणून हा लेख.

लेखाचा कच्चा खर्डा मी वहिनींना पाठवला होता. नाव घालू का म्हणून विचारलं तर म्हणाल्या, नको. माझी स्तुती कमी कर आणि वाचणाऱ्याच्या उपयोगाचं काहीतरी घाल. काय घालू, म्हटलं तर त्यांनी फोनवरच सांगितलं आणि मी लिहून घेतलं. दोन कार्डं लावणार असाल तर मशीनचं झाकण बंद करण्याआधी दोन्हींचे मॅक पत्ते कागदावर उतरवा, बाहेरच्या कार्डावर खूण करा आणि गेटवे फक्त त्यालाच द्या.